कंटेम्पररी डान्स कंपनीत शिरायचे आहे : कथकवाल्यांनी नेमकी कशाची तयारी करावी?

तत्कार_सोळा

नमस्कार मंडळी. कथक विशारद पूर्ण (गांधर्व मंडळाची परीक्षा), वय २२, मुक्काम पुणे. कंटेम्पररीचे क्लास दीड वर्षापासून, आठवड्याला तीन. आता कंपनीत नर्तक म्हणून काम करायचे आहे. रिॲलिटी शो आणि लग्नातल्या संगीताची कोरिओग्राफी यांत रस नाही.

नेटवर शोधले तर एकतर 'स्वप्नांचा पाठलाग करा' छापाचे लेख मिळतात, नाहीतर परदेशी कंपन्यांच्या चकाचक मुलाखती. मला कोरडी माहिती हवी आहे. कंपनीत दिवसभर काय करतात? ऑडिशनला काय बघतात, आणि कथकवाले तिथे कशावर आपटतात? पैसे महिन्याचे मिळतात की प्रयोगाचे? आणि फ्लोअरवर्कने (जमिनीवर लोळत-सरकत करायच्या हालचालींनी) गुडघ्यांचे जे हाल होतात ते तसेच होणार, की आपले काहीतरी चुकते आहे? सध्या सराव सोसायटीच्या हॉलमध्ये, फरशीवर.

उलटी_गिनती

आधी शब्दाचा गोंधळ काढू. आपल्याकडे 'कंपनी' तीन वेगवेगळ्या गोष्टींना म्हणतात. एक, एखाद्या संस्थेचा प्रयोग करणारा गट. तिथे नर्तक सकाळी शिकतात, संध्याकाळी शिकवतात आणि अधूनमधून रंगमंचावर असतात. दोन, कोरिओग्राफरने एका कलाकृतीपुरती जमवलेली पाच-सात माणसे. सहा-आठ आठवडे तालीम, थोडे प्रयोग, मग जो तो आपल्या वाटेने. तीन, महिन्याच्या पगारावर वर्षभर बांधलेला ताफा. भारतात पहिले दोन प्रकार भेटतील, तिसरा शोधावा लागतो. बंगळूरुची अट्टक्कलरी (१९९२) किंवा ॲशली लोबोंची नवधारा अशा नावांची चौकशी करताना 'कंपनीत जागा आहे का' एवढेच विचारू नका. 'या वर्षी नर्तकांशी करार किती महिन्यांचा आहे' असे विचारा. उत्तरावरूनच कळेल वरच्यापैकी कुठला प्रकार आहे ते. तसा ताफा ही कल्पना मुंबईला नवी नाही म्हणा. शांती बर्धन यांचा लिटल बॅले ट्रूप १९५२ मध्ये मुंबईतच उभा राहिला.

तिसरा प्रकार बघायचा तर जर्मनी. तिथल्या शहरांच्या आणि राज्यांच्या नाट्यगृहांचे स्वतःचे नृत्यताफे असतात. करार बहुधा एका हंगामाचा, ऑगस्ट ते जुलै. पुढच्या हंगामासाठी ठेवायचे नसेल तर साधारणपणे ३१ ऑक्टोबरच्या आत तसे कळवावे लागते, नाहीतर करार आपोआप एक वर्ष पुढे जातो. म्हणून ऑडिशनच्या जाहिराती नोव्हेंबरपासून दिसायला लागतात आणि जानेवारी ते मार्च गर्दी असते. मे महिन्यात अर्ज पाठवून 'कुणी उत्तरच देत नाही' म्हणणाऱ्यांनी हे कॅलेंडर भिंतीवर लावावे.

दिवस असा जातो. दहाला कंपनी क्लास, सव्वा ते दीड तास, कधी बॅले, कधी कंटेम्पररी. हा क्लास शिकण्यासाठी नसतो. तानपुरा लावतात तसे शरीर लावून घ्यायचे असते. क्लासमध्ये सगळा जोर काढून दुपारच्या तालमीत ढेपाळणारा नवखा दुसऱ्याच आठवड्यात सगळ्यांना ओळखू येतो. मग दुपारपर्यंत तालीम, तासभर जेवण, पुन्हा साडेपाच-सहापर्यंत तालीम.

पहिल्या वर्षी नवे काम कमी आणि जुने काम जास्त मिळते. म्हणजे आधीच बसवलेल्या कलाकृतीत कुणाची तरी जागा घ्यायची, आणि शिवाय दुसऱ्या एक-दोन जागा 'कव्हर' म्हणून पाठ ठेवायच्या. हे बरेचसे व्हिडिओवरून शिकतात. व्हिडिओ प्रेक्षकांच्या बाजूने घेतलेला असतो, त्यामुळे पडद्यावरच्या डावीकडे तुमची उजवी असते. व्हिडिओ आडवा उलटा करून आरशासारखा बघितला की नक्कल पटकन जमते, पण जागा आणि विंग मूळ व्हिडिओवरूनच लिहून घ्या. उलटा बघून विंगसुद्धा उलटी पाठ करणे ही नेहमीची चूक, आणि ती कळते कधी, तर रंगीत तालमीत समोरून धावत येणाऱ्याशी टक्कर झाल्यावर. वहीत प्रत्येक तुकड्यापुढे चार गोष्टी हव्यात : किती मोजायचे, कुठल्या विंगेतून, तेव्हा पुढे कोण, आणि सुटायचा इशारा कशावर (संगीत, दिवा की कुणाचा श्वास). संगीत नसलेले तुकडे श्वासावरच सुटतात.

आता कथक. तुमची जमेची बाजू लय. पाच, सात, अकराच्या मोजणीत बाकीचे बोटे मोजत असतात तेव्हा तिहाई (तीनदा म्हणून बरोबर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, संपणारा तुकडा) बांधायची सवय असलेला माणूस निवांत असतो. अक्रम खान कथकवरूनच आला आणि २००० साली लंडनमध्ये त्याने कंपनी काढली, तेव्हा वाट बंद वगैरे काही नाही. अडचणी मात्र ठरलेल्या आहेत.

पहिली, चक्कर. कथकची चक्कर टाचेवर फिरते, बॅले-कंटेम्पररीची गिरकी चवड्यावर. घाईत जुनी सवय वर येते, वजन मागे जाते आणि तोल सुटतो. दुसरी, कणा. कथकमध्ये धड उभे आणि मध्यरेषेवर. इथे कणा वळवायचा, सोडायचा, मध्यरेषेबाहेर जाऊन पडायचे असते. 'पड' म्हटल्यावर कथकवाला सुंदर बसतो, पडत नाही. तिसरी, वजन देणे. जोडीच्या कामात समोरच्यावर खरोखर रेलायचे असते. रेलल्याचा अभिनय केला की उचलणाऱ्याला तुमचे वजन दुप्पट लागते, कारण ते कुठे आहे हेच त्याला कळत नाही. चौथी, नजर. समेवर प्रेक्षकांकडे बघून दाद घ्यायची सवय समूहात फार बोचते. सहा जण जमिनीकडे बघतायत आणि सातवी हसून थांबली आहे!

ऑडिशनबद्दल. अर्जाला एक पानाची माहिती (उंची लिहा), एक चेहऱ्याचा आणि एक पूर्ण शरीराचा फोटो, आणि दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ. व्हिडिओत स्लो मोशन नको, दर दोन सेकंदांना कट नको. निदान चाळीस सेकंद अखंड, पावलांसकट सगळे शरीर दिसेल असा तुकडा हवा, आणि तो सुरुवातीलाच. समूहातला व्हिडिओ असेल तर 'डावीकडून तिसरी, राखाडी कुर्ता' असे पहिल्याच चौकटीत लिहा. फाइल जोडू नका, दुवा द्या, आणि तो दुसऱ्याच्या फोनवर उघडतो का ते बघा.

प्रत्यक्ष ऑडिशनला बहुतेकदा आधी क्लास, त्यात पहिली कात्री. मग कंपनीच्या कामातले एक-दोन तुकडे शिकवतात, पुन्हा कात्री. शेवटी उत्स्फूर्त काम, जोडीचे काम, गप्पा. तुकडा दोनदाच दाखवतात. पावले अचूक आली का, यापेक्षा दुरुस्ती सांगितल्यावर पुढच्याच फेरीत ती दिसली का, हे जास्त बघतात. मागच्या ओळीत लपू नका. ओळी बदलायला लावतातच. उत्स्फूर्त काम म्हणजे माल खपवायची जागा नव्हे. 'फक्त कोपरापासून हालचाल सुरू करा' सांगितले असेल तर फक्त कोपर. चक्कर, उडी आणि स्प्लिट तिथे कोंबले की समोरचे लोक वहीत खाली बघायला लागतात.

हिशेब_चोख

वरचे ऑडिशनपुराण उत्तम, पण पैशाचा प्रश्न तसाच राहिला.

भारतात बहुतेक काम प्रकल्पावर आहे आणि मानधन प्रयोगावर बोलले जाते. प्रयोगाचा आकडा ऐकून हुरळू नका. समजा प्रयोगाला ८,००० ठरले, चार प्रयोग, आणि तालीम सहा आठवडे, आठवड्याला सहा दिवस. म्हणजे ३६ दिवस तालीम आणि ४ दिवस प्रयोग. ३२,००० भागिले ४०, दिवसाला ८०० रुपये, आणि त्यातूनच रिक्षा आणि जेवण. (आकडे उदाहरणादाखल.) म्हणून पहिला प्रश्न : तालमीचे मानधन वेगळे आहे का? नसेल तर तालमीचे जास्तीत जास्त तास किती, ते लिहून घ्या. दिवस वाढले तर काय, तेही.

कागदावर आणखी हे हवे : दौऱ्यावर प्रवास, राहणे आणि रोजचा भत्ता कोण देणार, प्रयोग रद्द झाला तर किती दिवस आधी सांगितल्यास किती पैसे, तालमीत दुखापत झाली तर उपचारांचा खर्च कुणाचा आणि त्या काळातले मानधन चालू की बंद, चित्रीकरण करून पुढे विकले किंवा ऑनलाइन दाखवले तर नर्तकाला काय, वर्षभराने तीच कलाकृती पुन्हा उभी केली तर पहिला अधिकार जुन्या नर्तकाचा का, आणि करार चालू असताना दुसरीकडे शिकवायला मुभा आहे का. शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण घरभाडे शिकवण्यांवरच निघते. ज्या कंपनीला तुमचा सहा महिने पूर्ण दिवस हवा आणि शिकवण्याही बंद हव्या, तिने महिन्याचे पैसे दिले पाहिजेत. हे मागताना लाजायचे काही कारण नाही.

कर. एका संस्थेकडून वर्षाला ५०,००० च्या वर व्यावसायिक मानधन गेले की १० टक्के टीडीएस कापला जातो (एप्रिल २०२५ आधी ही मर्यादा ३०,००० होती). तुमचे एकूण उत्पन्न करपात्र नसेल तर तो परत मिळतो, पण विवरणपत्र भरले तरच. कितीतरी नर्तक भरत नाहीत आणि पैसे सरकारजमा. जीएसटीत एक गंमत आहे : शास्त्रीय किंवा लोकनृत्याच्या प्रयोगाला दीड लाखापर्यंतच्या मानधनावर सूट आहे, कंटेम्पररीला ती लागू होत नाही. म्हणजे तुमचेच पाऊल कथकात करमुक्त आणि कंटेम्पररीत करपात्र. अर्थात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीच लागत नाही, त्यामुळे सध्या झोप उडवून घेऊ नका.

तत्कार_सोळा

दोघांचेही आभार, विशेषतः व्हिडिओ उलटा करण्याच्या युक्तीबद्दल. दोन उपप्रश्न. बॅले शिकलेच पाहिजे का? आणि गुडघ्यांचे राहिलेच. वाटीवर काळे-निळे डाग आहेत, आणि डाव्या गुडघ्यापुढे थोडी सूज आहे, दाबली की मऊ लागते.

घोटा_आणि_वाटी

सूज मऊ असेल, ती जागा गरम लागत असेल, तर वाटीपुढच्या पिशवीला दाह झालेला असू शकतो. सूज उतरेपर्यंत गुडघ्यावर टेकणे पूर्ण बंद. लालसर होऊन ताप आला किंवा जवळ कापलेले-खरचटलेले असेल तर त्याच दिवशी डॉक्टर, कारण तिथे जंतुसंसर्ग होतो. नुसते काळे-निळे डाग ही वेगळी गोष्ट. ते तंत्राबद्दल सांगतात.

फ्लोअरवर्कचा मूळ नियम : हाडावर उतरायचे नाही, मांसावर उतरायचे. खाली जाताना आधी मांडी आणि पोटऱ्यांच्या जोरावर बुड खाली आणा, मग नडगीची बाहेरची बाजू, मांडीची बाहेरची बाजू, नितंब, कमरेवरची बाजू, अशा क्रमाने वजन पसरत जाऊ द्या. वाटी शेवटपर्यंत जमिनीला लागायला नको. खाली आदळल्याचा आवाज आला म्हणजे मांडीने ब्रेक मारलेला नाही. लोळण घेताना मानेवरून नाही. एका खांद्याच्या मागच्या भागावरून तिरके दुसऱ्या कमरेकडे. हात टेकताना बोटे पसरलेली, कोपर किंचित वाकलेले. श्वास सोडत खाली जा. श्वास धरला की शरीर ओंडक्यासारखे पडते.

रविवारी दोन तास घासण्यापेक्षा रोज पंधरा मिनिटे. आधी योगाच्या मॅटवर, मग व्हिनाइलवर. व्हॉलीबॉलचे नी-पॅड वापरा, त्यात कमीपणा नाही. फक्त पातळ आणि वाकताना न सरकणारे घ्या. जाड फोमचे पॅड असले की जमिनीचा अंदाज येत नाही. घामाने ओला झालेला सुती पायजमा जमिनीला चिकटतो आणि घसरताना कातडी ओढतो, म्हणून बदलायला दुसरा जवळ ठेवा.

आणि फरशी. फरशी दाबली जात नाही. प्रत्येक उडीचा धक्का नडगीत आणि टाचेत परत येतो. तत्कार (कथकचे पावलांचे काम) सपाट पावलाने असतो, त्यामुळे कथकवाल्यांच्या पोटऱ्यांना उडीवरून चवडा-टाच-गुडघा असे हळू उतरायची सवय कमी. अशा पायांनी एकदम आठवड्याला पाच दिवस उड्या सुरू केल्या की सहाव्या-आठव्या आठवड्यात नडगीची आतली कड दुखायला लागते. फरशीवर उड्या नकोतच. फ्लोअरवर्क मॅट टाकून करा, उड्या लाकडी जमीन असेल तिथे.

ताकदीची एक सोपी चाचणी : भिंतीला बोट लावून एका पायावर टाच पूर्ण उचलणे, ओळीने २५ वेळा, दोन सेकंद वर, दोन सेकंद खाली. पंधराव्याला टाच अर्धीच उचलली जात असेल तर आधी ते भरून काढा. मग एका पायावर अर्धी बैठक. आरशात गुडघा अंगठ्याच्या आत कोसळतो का बघा. कोसळत असेल तर काम गुडघ्यावर नाही, नितंबाच्या बाजूच्या स्नायूवर करायचे आहे. आठवड्याला दोन दिवस वजनांचा व्यायाम धरा. 'वजने उचलली तर लवचीकता जाते' हे गैरसमजाच्या खात्यात टाका. उलट वॉर्मअपमध्ये मिनिटभराच्या वर एकेक ताण धरून बसल्यावर लगेच उड्या मारल्या तर जोर कमी पडतो. लांब ताण दिवस संपल्यावर द्यावेत.

घोटा मुरगळला तर : चार पावलेसुद्धा टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर अथवा टोकावर दाबून दुखत असेल, तर एक्स-रे. नाहीतर दाबपट्टी, पाय उंच, आणि दोन-तीन दिवसांत हळूहळू हालचाल सुरू. तेल लावून रगडणे पहिल्या दिवसांत टाळा. मुरगळलेला घोटा 'बरा झाला' म्हणून परत उभे राहण्याआधी त्याच पायावर डोळे मिटून तोल सांभाळता येतो का ते बघा. ही पायरी गाळली की तोच घोटा पुन्हा जातो.

एक न विचारलेले. तालमी वाढल्या आणि खाणे तेवढेच राहिले की पाळी लांबते. तीन महिने आली नाही तर 'मेहनतीमुळे होते' म्हणून सोडू नका, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. हाडे ठिसूळ होऊन बारीक तडे जाण्याची ती पूर्वसूचना असते. प्रयोगाच्या दोन-तीन तास आधी पोळीभाजी किंवा वरणभात, मध्ये केळे किंवा चिक्की, संपल्यावर तासाभरात पुन्हा नीट जेवण. उपासाच्या दिवशी पूर्ण रन (सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग तालीम) ठेवू नये. ठेवलाच तर साबुदाण्याबरोबर दही-शेंगदाणे तरी असू देत.

बॅलेबद्दल थोडक्यात : युरोपातल्या बऱ्याच कंपन्यांत पहिली कात्रीच बॅले क्लासमध्ये लागते, म्हणून तिकडे जायचे असेल तर दोन वर्षे आठवड्याला तीन क्लास. पाय किती उंच जातो हे महत्त्वाचे नाही. बारवरच्या (बॅलेत धरून सराव करायच्या दांडीवरच्या) हालचालींच्या ओळी न गोंधळता उचलता आल्या पाहिजेत.

विंगेतला_टॉर्च

बॅलेच्या मुद्द्याला अर्धीच सहमती. भारतात काम करायचे तर कलरीपयट्टूचे (केरळची युद्धकला) वर्षभर जास्त उपयोगी पडते. खोल बैठक, दिशा बदलणे, जमिनीजवळून हलणे, सगळे त्यात आहे, आणि दक्षिणेतल्या बऱ्याच कोरिओग्राफरांच्या हालचालीची मुळेही तिथेच आहेत. तेल अवीवच्या बत्शेवा कंपनीत तर कोरिओग्राफर ओहाद नाहारिनची गागा ही हालचालीची पद्धत चालते, तिच्या क्लासमध्ये आरसाच नसतो. कंपनी कुठली ते आधी ठरवा, मग क्लास ठरवा.

मी लिहितोय ते जमिनीबद्दल आणि प्रयोगाच्या दिवसाबद्दल, कारण छोट्या कंपनीत नर्तकालाच हे करावे लागते.

आपली बहुतेक नाट्यगृहे नाटकासाठी बांधलेली. जमीन लाकडी असली तरी वर्षानुवर्षे सेट ठोकून खिळ्यांची भोके, सालपे, अर्धवट राहिलेले स्क्रू. अनवाणी पायांचे तिथे काम नाही. आधी झाडू, मग जाड लोहचुंबक दोरीला बांधून सगळीकडे ओढा (काय काय निघते ते बघाच), मग ओला पोछा, मग जाड मोजे हातात घालून हात फिरवा. मोजा अडकला तिथे सालप आहे. त्यावर व्हिनाइल, ज्याला सगळे मार्ली म्हणतात. मार्लीने घसरण आटोक्यात येते, धक्का कमी होत नाही. तो खालच्या लाकडी जमिनीच्या लवचीकपणाने होतो. काँक्रीटवर मार्ली टाकून 'डान्स फ्लोअर आहे' सांगणारे आयोजक खूप भेटतात. जमिनीवर जोरात टाच आपटून बघा : पोकळ आवाज आला तर खाली जागा आहे, बद्द आला तर नाही.

हिशेब असा. नाचायची जागा १० मीटर रुंद, ८ मीटर खोल. गुंडाळी २ मीटर रुंदीची, आडवी टाकली तर १० मीटरच्या चार. तीन जोड गुणिले १० म्हणजे ३० मीटर, चारी कडा ३६ मीटर, एकूण ६६ मीटर चिकटपट्टी. पट्टीचे रीळ ३३ मीटरचे येते, म्हणजे मोजून दोन. तिसरे न्याच, कारण जोड एकदा तरी उखडून परत लावावा लागतो. व्हिनाइल उलगडून तासभर तसेच पडू द्या, दिवे लावून, मग पट्टी मारा. थंड असताना ताणून चिकटवले की दिव्यांच्या उष्णतेने ते पसरते, फुगे येतात आणि उडीवरून उतरताना बोट त्यात अडकते. परत नेताना नळीवर गुंडाळा. घडी घातली की ती रेघ कायमची. खोबरेल तेल, बॉडी लोशन लावून त्यावर कुणी येता कामा नये. एका तेलकट पाठीची लोळण पाच जणांना घसरवते.

दिवसाची आखणी : संध्याकाळी साडेसातचा प्रयोग असेल तर नाट्यगृह सकाळी आठपासून हवे, आदल्या दिवशी मिळाले तर उत्तम. जमीन अकरापर्यंत, दिव्यांची दिशा लावणे दुपारी दोनपर्यंत, मग 'स्पेसिंग' म्हणजे नव्या मापात आपली जागा शोधणे, मग इशाऱ्यांची तालीम, साडेचार-पाचला पूर्ण रन, त्यानंतर खाणे आणि पुन्हा वॉर्मअप. जमीन किंवा दिवे रेंगाळले की बळी जातो तो स्पेसिंगचा, आणि दुखापती नेमक्या तिथून येतात. सांगलीच्या रंगमंचावर बारा पावलांत पार होणारी तिरकी धाव मुंबईत चौदा पावलांची होते. म्हणून मोजणी पावलांत लिहू नका. 'दुसऱ्या विंगेपासून मध्यापर्यंत' अशी लिहा.

कंटेम्पररीत दिवे बाजूने मारतात, विंगेतल्या उभ्या खांबांवरून. सगळ्यात खालचा दिवा नडगीच्या उंचीवर असतो. विंगेतून धावत निघताना तो दिसत नाही आणि नडगी फुटते. खांबाच्या पायाला पांढरी पट्टी मारा आणि प्रत्येक नर्तकाने अंधारात एकदा त्या वाटेने चालून बघा. आत येणाऱ्याला समोरच्या बाजूचा दिवा थेट डोळ्यांत जातो, म्हणून तोल सांभाळायला नजरेवर विसंबू नये. पाठांतर पायांत असले पाहिजे. लंडनकडे पडदा उघडण्याच्या ३५ मिनिटे आधी सगळ्यांनी हजर असायचे, त्याला 'हाफ' म्हणतात. आपल्याकडे तिसरी घंटा आहेच, पण पहिल्या घंटेला टेप शोधणारा नर्तक कुठल्याच देशात चालत नाही.

जमीन नेहमी कोरडीच असेल असेही समजू नका. जर्मन कोरिओग्राफर पिना बाउशच्या १९७५ च्या एका प्रसिद्ध कलाकृतीत सगळा रंगमंच पीटच्या मातीने झाकतात. पाय रुततात, धाप लागते, ती दिसलीही पाहिजे. अशा कामाची तयारी स्टुडिओतल्या गुळगुळीत मार्लीवर होत नाही.

हिशेब_चोख

परदेशाचा विषय निघालाच आहे म्हणून. युरोपात आठवडाभराच्या प्रयोगांना बोलावले असेल तर शेंगेन व्हिसा, १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. पण उन्हाळ्यात व्हीएफएसची (व्हिसाचे अर्ज घेणारी कंपनी) वेळच मिळत नाही, त्यामुळे तीन महिने आधी. विमा किमान ३०,००० युरोचा. आयोजकाच्या पत्रात तारखा, जागा, मानधन आणि राहण्याचा खर्च कोण करणार हे सगळे हवे. पैसे घेऊन प्रयोग करायचा आणि अर्जात पर्यटन लिहायचे, हे करू नका. काही देशांत छोट्या प्रयोगालाही कामाचा वेगळा परवाना लागतो, तो आयोजकाने काढायचा असतो. ब्रिटनला कंपनीने प्रायोजकत्वाचे प्रमाणपत्र दिल्याशिवाय कामाचा व्हिसाच होत नाही. ऑडिशनला जाण्याआधी 'युरोपबाहेरच्या नर्तकांना प्रायोजकत्व देता का' हे ईमेलवर विचारा. नाही म्हणाले तर तिकिटाचे पैसे वाचले.

उलटी_गिनती

वर एक गोष्ट राहिली, ती मुद्दाम लिहितो. जोडीच्या कामात अंगाला हात लागणारच, पण कुठे, किती दाबाने आणि कशासाठी, हे तालमीत बोलून ठरते. 'कलाकाराने संकोच सोडला पाहिजे' हे वाक्य एखाद्याने दुसऱ्यांदा वापरले की सावध व्हा. दहा किंवा जास्त माणसे काम करत असतील तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती बंधनकारक आहे, आणि तो कायदा प्रशिक्षणार्थी आणि बिनपगारी मदतनीस यांनाही लागू होतो. तक्रार तीन महिन्यांच्या आत द्यावी लागते. कंपनीत रुजू होताना समितीतल्या सदस्यांची नावे मागा. नावे सांगायला किती वेळ लागतो त्यावरून पुष्कळ कळते.

वयाबद्दल कुणी लिहिले नाही. कंपनीत नाचण्याची वर्षे बहुतेकांची पस्तिशीच्या आसपास आटोपतात. नेदरलंड्स डान्स थिएटरने १९७८ मध्ये तरुणांसाठी दुसरा ताफा काढला आणि १९९१ मध्ये चाळिशीपुढच्यांसाठी तिसरा. तिसरा २००६ मध्ये बंद पडला. त्याच देशात नर्तकांना दुसरा व्यवसाय शिकायला पैसे देणारा निधी आहे, तसा ब्रिटन आणि जर्मनीतही आहे. आपल्याकडे नाही. तेव्हा २५ ते ३० या वयातच तालीम घेणे, दिवे, पिलाटीस किंवा संस्थेचा हिशेब, यांतले एक काहीतरी हातात घ्या. संस्कृती मंत्रालयाची कनिष्ठ फेलोशिप २५ ते ४० वयासाठी आहे, महिना १०,०००, दोन वर्षे. संशोधनाचा नीट लिहिलेला प्रस्ताव लागतो, तो लिहायची सवय आत्तापासून करा.

तत्कार_सोळा

उद्या सूज दाखवून घेते. हॉलच्या कमिटीला जुने प्लायवूड टाकू देतात का विचारले आहे. खाली काय घालायचे?

विंगेतला_टॉर्च

१२ मिमी प्लायचे दोन थर, खालच्या जोडांवर वरचे जोड येऊ देऊ नका. खाली दर फुटावर घट्ट रबरी फोमचे ठोकळे. नरम गादीचा फोम नको, त्यात घोटा डगमगतो. स्क्रूची डोकी प्लायच्या आत बसवा आणि त्यावर पट्टी. चार बाय आठ फुटांचे प्लायचे चार तक्ते मिळाले तर दोन थरांत आठ बाय आठचा चौकोन होतो, एकट्याच्या उड्यांना पुरतो. कडेला रंगीत पट्टी मारा, नाहीतर चक्करच्या नादात खाली पाय जाईल.